काचेच्या सायफनमधली कॉफी: सगळा खेळ आचेचा

सायफन पहिल्यांदा बघणारा माणूस पाणी आपोआप वर चढताना पाहून हरखून जातो. दृश्य आहेच तसं. पण कॉफी चांगली होणार की कडूजहर, हे त्या चढण्यावर ठरत नाही. ते ठरतं पाणी वर पोचल्यानंतरच्या दोन-अडीच मिनिटांत, तुमचा हात गॅसच्या बटणावर कसा चालतो त्यावर. हे भांडं हौसेने घेणारे बरेच जण थोडे दिवस कॉफी करून बघतात. ती कधी फिकी होते, कधी करपट, आणि मग भांडं काचेच्या कपाटात शोभेला जाऊन बसतं. मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. घरच्या साध्या शेगडीवर इतकी नितळ आणि सुवासिक कॉफी देणारी भांडी फार नाहीत, आणि ती मिळवण्यासाठी लागणारं कौशल्य आपल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. गॅस कधी मोठा, कधी बारीक आणि कधी बंद करायचा, एवढंच ते कौशल्य.

सायफनमध्ये एकावर एक बसणारी दोन काचेची भांडी असतात. खालच्यात पाणी. वरच्याच्या बुडातून एक लांब नळी निघते, ती खालच्या भांड्याच्या तळापासून थोडी वर थांबते. दोन्हींच्या मध्ये रबराची जाड रिंग आणि वरच्या भांड्याच्या तळाशी गाळणी. वरचं भांडं घट्ट बसवलं की खालच्या पाण्यावरची हवा कोंडली जाते. गॅस लावल्यावर ती हवा तापून प्रसरण पावते, पाण्याची वाफ तिच्यात मिसळते आणि वाढलेला दाब पाण्याला नळीतून वर ढकलतो. पाणी वीसएक सेंटिमीटर चढवायला वातावरणाच्या दाबापेक्षा दोन टक्के जादा दाबसुद्धा पुरतो. म्हणून पाणी उकळायच्या बरंच आधी वर जाऊ शकतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

गॅस बंद केला की उलटा प्रवास सुरू होतो. खालची वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा कॉफीला गाळणीतून खाली दाबते. साध्या गाळणीतून कॉफी स्वतःच्या वजनाने ठिबकते. इथे तिला हवेचा रेटा असतो, त्यामुळे जाड फडक्यातूनही ती मिनिटाभरात उतरते आणि गाळ जवळजवळ राहत नाही. मोका पॉटशी याची गल्लत करू नका. इटलीत 1933 मध्ये आलेल्या त्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात पाणी कॉफीच्या थरातून एकदाच वर जातं आणि वरच राहतं. सायफनमध्ये कॉफी आधी गरम पाण्यात मोकळी भिजते आणि मग गाळली जाते. चवीतला फरक तिथून येतो.

कल्पना जुनी आहे. 1830 च्या दशकात बर्लिनमध्ये अशी भांडी बनू लागली आणि थोड्याच वर्षांत फ्रान्समधल्या लिओं शहरात त्यांची पेटंटं घेतली गेली. तेव्हाची काच मात्र उष्णतेला टिकत नसे, भांडी तडकत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या दोन बहिणींनी ‘सायलेक्स’ नावाने हे भांडं पुढे आणलं. 1915 मध्ये बाजारात आलेल्या पायरेक्स काचेची त्याला जोड मिळाली आणि ते थेट घरातल्या शेगडीवर चढलं. डेन्मार्कच्या बोडम कंपनीचं ‘सांतोस’ 1958 चं. पुढे ठिबक पद्धतीची विजेची यंत्रं आल्यावर पाश्चात्त्य घरांतून सायफन मागे पडला, पण जपानमधल्या जुन्या धाटणीच्या कॉफीघरांनी त्याला सोडलं नाही. आज मिळणारे चांगले सायफन आणि त्यांची फडक्याची गाळणी बरीचशी जपान आणि तैवानची देणगी आहे.

भांडं घेताना

आपल्याकडे ऑनलाइन दिसणारे बरेचसे सायफन स्पिरिटच्या दिव्यावर चालणारे असतात. त्यांचं खालचं भांडं गोल बुडाचं असतं आणि ते स्टँडला लटकतं. ते गॅसवर ठेवायचं नाही. शेगडीवर चालणाऱ्या सायफनचं बूड सपाट असतं, त्याला स्टँड नसतो आणि तो शेगडीसाठी आहे असं पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. काच बोरोसिलिकेट असल्याची खात्री करा. ही काच तापल्यावर साध्या काचेच्या साधारण एक तृतीयांशच फुगते, म्हणून तडकत नाही. विकत घेण्याआधी आणखी एक चौकशी जरूर करा: वरचं भांडं, रबराची रिंग आणि गाळणीची फडकी सुटी मिळतात का? नळी फुटली आणि सुटं भांडं मिळालं नाही तर पूर्ण संच वाया जातो.

खोक्यावर ‘5 कप’ लिहिलेलं असतं. त्यातला कप 120 मिलिलिटरचा धरलेला असतो, म्हणजे पाणी मावतं 600 मिलिलिटर. आपल्या मोठ्या मगाच्या हिशेबाने पाहिलं तर ते दोन माणसांचं भांडं आहे. घरात चौघं कॉफी पिणारे असतील तर ‘8 कप’वालं घ्या. मात्र एकट्यासाठी मोठं भांडं घेऊ नका, कारण निम्म्यापेक्षा कमी पाण्यात सायफन नीट चालत नाही. नळीच्या टोकाखाली थोडं पाणी नेहमी शिल्लक राहतं, ते कॉफीला न भेटताच शेवटी तिच्यात मिसळतं. 600 मिलिलिटरमध्ये ते जाणवत नाही, 200 मध्ये कॉफी पाणचट करतं.

आता शेगडी. गॅसची शेगडी या कामाला उत्तम, कारण बटण फिरवलं की उष्णता लगेच कमी होते. लहान बर्नर वापरा. ज्योत बुडाच्या बाहेर येऊन काचेच्या अंगाला आणि मुठीला लागता कामा नये. बर्नरवरच्या दांड्यांमध्ये अंतर जास्त असतं आणि भांडं डुगडुगतं, तेव्हा खाली फुलके-पापड भाजायची तारेची जाळी ठेवा. भांडं स्थिर बसतं आणि ज्योत एका जागी न लागता पसरते. कॉइलच्या विजेच्या शेगडीवर तर अशी जाळी हवीच. जाळीऐवजी तवा ठेवायचा मोह होईल, पण तवा नको. तो गॅस बंद केल्यावरही तापलेला राहतो, खालची वाफ थंड होत नाही आणि कॉफी वरच अडकून शिजत राहते. इंडक्शनवर काच तापत नाही. त्यासाठी मिळणारी लोखंडी चकती वापरली तर तिचाही तोच दोष, म्हणून कॉफी उतरवायच्या वेळी भांडं चकतीवरून उचलून बाजूला घ्यायलाच हवं.

कॉफी, दळण आणि पाणी

या भांड्यात चिकोरी घालू नका. हे मी आग्रहाने सांगतो. दाक्षिणात्य फिल्टरच्या दाट डिकॉक्शनला चिकोरीने अंग येतं, तिथे ती शोभते. सायफनच्या फडक्यात मात्र ती चिकटते, कॉफी उतरायला वेळ लागतो आणि सुवास झाकला जातो. मुंबईत माटुंग्याच्या दुकानांत समोर दळून कॉफी मिळते. तिथे चिकोरीशिवायची, शुद्ध कॉफी मागा. ‘प्लँटेशन ए’ किंवा ‘पीबेरी’ असं नाव सांगितलं की दुकानदाराला लगेच कळतं. दोन्ही धुऊन तयार केलेल्या अरेबिकाच्या प्रती आहेत. पीबेरी म्हणजे फळात दोनाऐवजी एकच गोल बी धरलेली.

थोडे जास्त पैसे खर्चायची तयारी असेल तर एकाच मळ्याची, मध्यम भाजणीची, भाजल्याची तारीख छापलेली कॉफी घ्या. चिकमगळूर, कोडगू किंवा आंध्रातल्या अराकूच्या चांगल्या अरेबिका बियांमध्ये जे फळांचं, फुलांचं नाजूक अंग असतं, ते दुधाच्या कॉफीत हरवतं आणि सायफनमध्ये उघडं पडतं. ‘सिलेक्शन 9’ या वाणाची कॉफी मिळाली तर जरूर आणा. तिच्या वंशात इथिओपियाचं वाण आहे आणि सायफनमधून तिचा सुवास अगदी मोकळा होतो. मान्सून्ड मलबार मला या भांड्यात आवडत नाही. तिची खासियत तिच्या जाडपणात आहे आणि फडक्याची गाळणी नेमका तोच काढून घेते. अगदी काळी, तेल सुटलेली भाजणीही टाळा. तिचं तेल फडक्यात मुरतं आणि पुढच्या चार कॉफ्यांना वास देतं.

दळण बारीक रव्याइतकं हवं. फिल्टर कॉफीसाठी दुकानात जे दळून देतात ते याहून बारीक असतं, म्हणून ‘नेहमीपेक्षा जाडसर’ असं सांगून एकदा चिमटीत घेऊन बघा. घरी दगडी किंवा पोलादी चक्रांचा हाताने फिरवायचा ग्राइंडर असेल तर प्रश्नच नाही. मिक्सरमध्ये दळायचं तर एक-एक सेकंदाचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, आणि दळलेली कॉफी मैद्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली भुकटी दुधाच्या कॉफीला वापरा. हीच भुकटी फडक्याची छिद्रं बुजवते आणि कडवटपणाही तिच्यातूनच येतो, तेव्हा चाळायचा कंटाळा करू नका.

प्रमाण पाण्याच्या पंधराव्या हिश्शाइतकं: 600 मिलिलिटर पाण्याला 40 ग्रॅम कॉफी. चमच्याचा हिशेब भाजणीप्रमाणे बदलतो, म्हणून ग्रॅममध्ये दाखवणारा छोटा वजनकाटा वापरा. चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हातात 500 मिलिलिटरच्या आसपास कॉफी येते. पाणी पिण्याला चांगलं लागतं तेच घ्या. मुंबईचं नळाचं पाणी मऊ असतं, ते गाळून घेतलं की झालं. बोअरच्या जड पाण्यात कॉफी बोथट लागते. उलट आरओ यंत्रातून क्षार जवळजवळ निघून गेलेलं पाणी कॉफीतून पुरेशी चव ओढत नाही. तसं असेल तर थोडं साधं गाळलेलं पाणी त्यात मिसळा.

शेगडीवर

फडक्याची गाळणी आधी गरम पाण्यात भिजवून पिळून घ्या. तिच्या खाली स्प्रिंग, मण्यांची साखळी आणि टोकाला आकडा असतो. साखळी नळीतून सोडा, हलकेच ओढा आणि आकडा नळीच्या काठाला अडकवा. गाळणी भांड्याच्या मधोमध बसली पाहिजे, एका बाजूला फट राहिली तर चोथा खाली जाणार. पाणी केटलीत किंवा पातेल्यात गरम करून मगच खालच्या भांड्यात ओता. थंड पाण्यापासून सुरुवात करता येते, पण उगाच वेळ जातो आणि रिंग फार वेळ तापते. भांडं बाहेरून कोरडं पुसा. पाण्याचा थेंब बुडाला लागून ज्योतीवर गेला तर काचेला धक्का बसतो.

आता भांडं मध्यम आचेवर ठेवा आणि वरचं भांडं त्यात तिरकं टेकवा. साखळी पाण्यात बुडलेली हवी, पण रिंग अजून दाबायची नाही. मघाशी म्हटलं तसं, आत्ताच झाकण लागलं तर पाणी पुरेसं तापायच्या आतच वर जाईल, आणि अशा कोमट पाण्यातली कॉफी आंबट व पोकळ लागते. साखळीकडे लक्ष द्या. आधी मण्यांवर बारीक बुडबुडे धरतात, मग एकेक सुटतो, आणि थोड्या वेळाने साखळीच्या टोकापासून बुडबुड्यांची न तुटणारी रेघ वर जाऊ लागते. साखळी नुसती गाळणी ओढून धरायला नसते. गुळगुळीत काचेत पाणी कधीकधी न उकळता जास्त तापतं आणि एकदम उसळतं, मणी ती उसळी टाळतात. म्हणून साखळीशिवाय पाणी तापवू नका.

रेघ अखंड झाली की आच थोडी कमी करा आणि वरचं भांडं सरळ करून हलक्या हाताने दाबून बसवा. पाणी भडकलेलं असताना बसवलं तर ते कारंज्यासारखं उडतं, तेव्हा आधी आच आणि मग भांडं, हा क्रम सोडू नका. अर्ध्या-एक मिनिटात पाणी नळीतून चढून वर येतं. खाली बोटभर पाणी राहील, ते राहायलाच हवं. ते संपलं आणि काच कोरडी तापली तर भांडं तडकतं.

आणि आता ते बटण. पाणी वर आलं की खालची वाफ नळीतून वर घुसू लागते आणि वरचं पाणी खळखळतं. बघणाऱ्याला वाटतं उकळलं, पण ते वाफेचे बुडबुडे असतात. ही खळखळ तशीच चालू ठेवली तर वरचं पाणी तापत जातं आणि कॉफी घातल्यावर ती घुसळून निघते. करपट चव इथेच जन्माला येते. गॅस अगदी बारीक करा. किती बारीक? पाणी खाली सरकू लागणार नाही आणि वर मात्र अधूनमधून एखादाच बुडबुडा यावा, इतका. प्रत्येक शेगडीचं हे ठिकाण वेगळं असतं. एकदा नुसत्या पाण्यावर, कॉफी न घालता, बटण पुढेमागे करून ते शोधून ठेवा. पाणी खाली यायला लागतं ती जागा आणि खळखळायला लागतं ती जागा, या दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी तुमच्या कामाची. हा सराव ज्याने केला त्याला पुढचं सगळं सोपं जातं.

गाळणीच्या एकाच कडेने बुडबुडे येत असतील तर ती सरकली आहे. लाकडी चमच्याने तिला मधोमध ढकला. पाणी अर्धा मिनिट शांत होऊ द्या. थर्मामीटर असेल तर वर 90 ते 93 अंश सेल्सिअस दिसायला हवं, नसेल तरी बिघडत नाही. महाबळेश्वरसारख्या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, तिथे दळण किंचित बारीक घ्या, बाकी काही बदलू नका.

कॉफी एकदम घाला. ती पाण्यावर तरंगते आणि फुगते. लाकडी चमच्याने तिला वरून खाली दाबत दहाएक सेकंदांत सगळी भिजवा. चमचा गाळणीवर घासू नका. मग हात काढून घ्या आणि काचेतून बघा: वर फिकट फेस, त्याखाली फुगलेल्या कॉफीचा जाड थर, आणि तळाशी लालसर तपकिरी पाणी. ताज्या भाजणीत हे तीन थर ठळक दिसतात. फेस अगदी पातळ असेल तर समजा, कॉफी जुनी आहे. असं एक मिनिट राहू द्या.

मिनिट झालं की गॅस बंद. भांडं मुठीला धरून बर्नरवरून उचला आणि ओट्यावर घडी घातलेल्या कोरड्या फडक्यावर ठेवा. ओल्या किंवा गार ग्रॅनाइटवर थेट ठेवू नका, बोरोसिलिकेट काचेचीही सहनशक्ती अमर्याद नाही. चमच्याने कॉफी एकदा हळू गोल फिरवा. काही क्षण काहीच होत नाही, मग पातळी घसरू लागते. शेवटी हवा चोथ्यातून खेचली जाऊन खालच्या भांड्यात सोनेरी फेसाचा खदखदाट होतो. तो थांबला की कॉफी पूर्ण उतरली. गॅस बंद केल्यापासून इथपर्यंत पाऊण ते एक मिनिट लागावं. वर उरलेल्या चोथ्याचा मधोमध उंचवटा झाला असेल तर ढवळणं आणि दळण दोन्ही नीट झालं. चोथा एका बाजूला चढला असेल तर गाळणी सरकलेली होती.

वरचं भांडं सरळ ओढू नका. आतल्या कमी दाबाने ते धरलेलं असतं. खालची मूठ एका हाताने पक्की धरा, दुसऱ्या हाताने वरचं भांडं मागेपुढे किंचित कलतं करा, रिंगेतून हवा शिरल्याचा आवाज येईल आणि ते अलगद सुटेल. कॉफी लगेच पिऊ नका. पाचेक मिनिटांनी, सोसवेल इतकी झाली की तिची खरी गोडी जिभेला कळते, आणि कोमट होताना ती आणखी बदलते.

चव बघून पुढच्या वेळी एकच गोष्ट बदला. आंबट आणि पोकळ लागली तर दळण बारीक करा किंवा पंधरा सेकंद जास्त भिजवा. कडू लागली, जीभ कोरडी पडली, तर आधी आच तपासा, मग दळण. बहुतेक लोक थेट कॉफीचं प्रमाण कमी करतात, त्याने कडूपणा जात नाही, कॉफी फक्त पातळ होते.

अडलं तर

पाणी वर चढतच नसेल तर रिंग नीट बसलेली नाही, किंवा रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या आहेत. रिंग ओली करून पुन्हा बसवा, तरी वाफ निसटत असेल तर नवी घ्या. कॉफी खाली उतरत नसेल तर दोन कारणं संभवतात. रिंगेतून हवा आत येत असेल तर खाली कमी दाब तयारच होत नाही. नाहीतर भुकटीने फडकं बुजलं आहे. अशा वेळी घाईने वरचं भांडं काढायला जाऊ नका, हातावर गरम कॉफी सांडायची भीती असते. भांडं पुन्हा मंद आचेवर ठेवा, उतरलेली कॉफी परत वर जाऊ द्या, एकदा ढवळा आणि गॅस बंद करा. बहुतेक वेळा मार्ग मोकळा होतो. अशी कॉफी थोडी कडवट होते, पण भांडं आणि हात दोन्ही सलामत राहतात. गरम भांड्यावर गार पाण्याचं फडकं गुंडाळून कॉफी लवकर उतरवायची युक्ती काही ठिकाणी दाखवतात. शेगडीवरच्या भांड्याला ती करू नका.

धुणं आणि जपणं

सायफन शेगडीवर क्वचित फुटतो, मोरीत नेहमी. वरच्या भांड्याची नळी नळाच्या तोटीला आपटते आणि तुटते. म्हणून ते भांडं सगळ्या भांड्यांसोबत ठेवू नका, वेगळं, दोन्ही हातांनी धुवा आणि नळी वर करून वाळवा. बऱ्याच संचांत झाकणच उलटं करून स्टँड म्हणून वापरता येतं. चोथा मोरीत टाकू नका, कुंडीत टाका.

फडक्याला साबण लावायचा नाही, त्याचा वास जात नाही. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, पिळा आणि पाण्याने भरलेल्या छोट्या डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. पाणी रोज बदला. उघड्यावर वाळवलं की त्यात राहिलेलं कॉफीचं तेल खवट होतं. कोकणात पावसाळ्यात तर ते धड वाळतही नाही, कुबट होतं, आणि तो कुबटपणा पहिल्या घोटात कळतो. आठवड्यातून एकदा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळा. कॉफी उतरायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागू लागला की फडकं बदला. सुटी फडकी मिळत नसतील तर जाडसर सुती फ्लॅनेल आणून, नव्या कापडाची खळ उकळून काढून, जुन्या फडक्याच्या मापाने शिवून घ्या. मलमल चालत नाही, तिच्यातून भुकटी निसटते.

दुधाचं काय, हे कोणीतरी विचारणारच. सायफनची कॉफी पातळ आणि नितळ असते, आपल्या पद्धतीने अर्धा कप दूध घातलं तर ती त्यात विरून जाते. दूध हवंच असेल तर 600 मिलिलिटरला 50 ग्रॅम कॉफी घ्या आणि कपात दोन चमचेच गरम दूध घाला. आपल्याकडे कॉफीत जायफळ-वेलचीची पूड घालायची जुनी चाल आहे, मलाही ती आवडते. पण ती पूड सायफनमध्ये घालू नका, फडक्याला लागलेला जायफळाचा वास निघत नाही. कपात कॉफी ओतल्यावर वरून जायफळ किंचित उगाळून घाला.

पाहुणे असतील आणि लगेच दुसरा घाणा करायचा असेल तर पहिली कॉफी थर्मासमध्ये ओतून घ्या. खालचं भांडं पुन्हा शेगडीवर ठेवून कॉफी गरम राखायला जाऊ नका, दहा मिनिटांत तिची चव जाते. भांडं अजून गरम असतं, त्यात गार पाणी घालायचं नाही. केटलीतलं गरम पाणीच ओता. चोथा काढून गाळणी नळाखाली दोन्ही बाजूंनी धुवा, रिंगेवर चोथ्याचा कण अडकला नाही ना ते बोट फिरवून बघा, बूड कोरडं पुसा आणि पुन्हा साखळीकडे बघत थांबा.